पामेलाबाईंची वाट बघताना

'फ्रायडे द थर्टीन्थ' या भयपटात खुनी कोण? बहुतेक लोक "जेसन" म्हणून मोकळे होतात. १९९६च्या 'स्क्रीम'मध्ये फोनवरचा माणूस ड्रू बॅरीमोरला हाच प्रश्न विचारतो, तीही घाईघाईत हेच उत्तर देते आणि बाहेर खुर्चीला बांधलेला तिचा बॉयफ्रेंड जिवानिशी जातो. बरोबर उत्तर आहे मिसेस व्हूरहीज. जेसनची आई, पामेला. हॉकी मास्कवाला राक्षस वगैरे नाही, निळा स्वेटर घातलेली एक हसतमुख मध्यमवयीन बाई.

तर या बाईंवर 'क्रिस्टल लेक' नावाची प्रीक्वेल, म्हणजे सिनेमाच्या आधीची गोष्ट सांगणारी, मालिका येऊ घातली आहे आणि मी चक्क तिची वाट बघतेय. चक्क म्हणायचं कारण, हॉररचा प्रीक्वेल म्हटलं की एरवी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. (पुढे स्पॉयलर आहेत. मूळ सिनेमा १९८०चा आहे, आता माझ्या नावाने खडे फोडू नका.)

आठ्यांचं कारण आधी सांगते. १९७९चा 'एलियन' आठवा. यानातली माणसं त्या अनोळखी ग्रहावर उतरतात, एका पडीक यानात शिरतात आणि समोर एक अवाढव्य आसन दिसतं, दुर्बिणीसारखं काहीतरी रोखलेलं. त्यात बसल्या जागी दगड झालेला कुणीतरी. त्याच्या बरगड्या आतून बाहेर वाकलेल्या. तो बसलाय की खुर्चीतूनच उगवलाय, हे त्या माणसांनाही कळत नाही. हा प्रसंग मोठा भासावा म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉटने काही शॉट्समध्ये स्वतःच्या लहान मुलांना स्पेससूट चढवून उभं केलं होतं. आणि मग? मग काही नाही. सिनेमा पुढे निघून जातो. तो कोण होता, कुठून आला, कुणाला भ्यायला, एक अक्षर नाही. तेहतीस वर्षं लोक त्या खुर्चीवर डोकेफोड करत राहिले. मग २०१२मध्ये खुद्द स्कॉटनेच 'प्रोमिथिअस' काढला आणि सांगून टाकलं की ती हाडं नव्हतीच, तो सूट होता, आत एक पांढराफटक पिळदार माणूस होता. पुढे २०१७च्या 'कव्हनंट'मध्ये तर 'एलियन'मधल्या त्या जीवघेण्या प्राण्याची पैदास डेव्हिड नावाच्या अँड्रॉइडने, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवाने, कशी केली त्याचीही साग्रसंगीत माहिती. 'प्रोमिथिअस' दिसायला देखणा आहे, मायकल फासबेंडर त्यात भारी आहे, सगळं मान्य. पण त्यानंतर मी 'एलियन' बघते तेव्हा त्या आसनापाशी पोचल्यावर पूर्वीसारखं पोटात गोळा येत नाही. आत कोण आहे ते ठाऊक असतं ना.

'द थिंग'चंही तेच, फक्त जरा वेगळ्या पद्धतीने. १९८२च्या सिनेमात अंटार्क्टिकातली अमेरिकन माणसं जळून खाक झालेल्या नॉर्वेजियन तळावर जातात, तिथे लाकडात रुतलेली एक कुऱ्हाड आहे. २०११च्या प्रीक्वेलवाल्यांनी जुन्या सिनेमाची फ्रेम न् फ्रेम तपासली आणि ती कुऱ्हाड तिथे कशी आली त्याचा प्रसंगच रचला. मेहनत वादातीत. पण कुऱ्हाड का रुतली ते कळलं. बरं. पुढे? (त्या सिनेमासाठी हाताने घडवलेले जिवंत वाटणारे प्राणी शेवटी कॉम्प्युटर ग्राफिक्सखाली झाकून टाकले, हा राग वेगळाच. तो विषय काढला तर ही पोस्ट संपायची नाही.)

म्हणजे शेवट आधीच माहीत असणं ही प्रीक्वेलची अडचण नसतेच. भयकथेला तर ते फायद्याचं. ही माणसं मरणार आहेत हे आपल्याला माहीत आणि त्यांना नाही, यापेक्षा जास्त छळणारी गोष्ट कुठली? अडचण येते ती राक्षसाचं बारसं, पत्रिका आणि कुळकथा सांगायला बसल्यावर.

पण पामेलाबाई राक्षस नाहीत. किंवा आहेत, पण धुक्यात ठेवण्यासारख्या नाहीत, कारण मूळ सिनेमाने त्यांना धुकंसुद्धा दिलेलं नाही. आपल्याला दिसतात ते फक्त हात, बूट आणि झाडाआडून बघणारा कॅमेरा. खुनांच्या बऱ्याच शॉट्समध्ये तर हातही पामेला झालेल्या बेट्सी पामरचे नाहीत, मेकअप-इफेक्ट्स करणाऱ्या टॉम सॅव्हिनीच्या एका सहाय्यकाचे आहेत. रहस्यकथेच्या नियमाने बघाल तर ही सरळसरळ फसवणूक आहे: जिचं नावही आधी कानावर पडलेलं नाही ती बाई शेवटच्या टप्प्यात जीपमधून उतरते आणि खुनी निघते. अगाथा ख्रिस्तीने असं केलं असतं तर वाचकांनी पुस्तक फेकून मारलं असतं.

तरीही तो प्रसंग चालतो. का चालतो ते एकदा नीट बघा. तळ्याकाठच्या मुलांच्या उन्हाळी कॅम्पवर काउन्सेलर म्हणून, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला, आलेले सगळे मित्रमैत्रिणी मेलेत, एकटी उरलेली ॲलिस घाबरून धावत बाहेर येते आणि समोर ही बाई. आवाज मऊ, हसू आश्वासक. आपण कॅम्पच्या मालक कुटुंबाच्या जुन्या ओळखीच्या आहोत असं सांगते. ॲलिस तिला बिलगते, आपणही हुश्श करतो. मग बाई बोलू लागते. काही वर्षांपूर्वी इथे एक मुलगा बुडाला होता. त्याच्यावर लक्ष ठेवायचं ते काउन्सेलर आपल्याच प्रेमात दंग होते. मी त्या दिवशी इथेच कामावर होते, स्वयंपाक करत होते. जेसन माझा मुलगा. आज त्याचा वाढदिवस. एकेका वाक्याबरोबर चेहरा तोच राहतो, फक्त हसू हळूहळू जागेवरून सरकतं. आणि मग तिच्या ओठांचा क्लोजअप, आणि त्या तोंडातून लहान मुलाचा आवाज: मार तिला, मम्मी. १९६०च्या 'सायको'मध्ये मुलगा आईच्या आवाजात बोलत होता, इथे आई मुलाच्या आवाजात बोलते. संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीचं ते सुप्रसिद्ध 'कि कि कि, मा मा मा' याच वाक्यातून निघालंय, 'किल'मधलं 'कि' आणि 'मम्मी'मधलं 'मा'. म्हणजे अख्खा सिनेमाभर तो पोरगा आईच्या कानात कुजबुजत असतो आणि आपल्याला ते पार्श्वसंगीत वाटत असतं.

आता खरी गंमत. बेट्सी पामरला ही पटकथा टाकाऊ वाटली होती. तिने काम घेतलं कारण तिला नवी गाडी घ्यायची होती, आणि हे तिने कधी लपवलं नाही. पण बाई स्तानिस्लावस्कीच्या पद्धतीने, म्हणजे भूमिकेच्या आत शिरून, काम करणारी. टाकाऊ तर टाकाऊ, भूमिकेची तयारी केली. पटकथेतल्या एका शाळेच्या अंगठीवरून तिने पामेलाचं मागचं आयुष्य स्वतःच रचलं. साल १९४४. शाळेतला बॉयफ्रेंड, मग दिवस गेलेले, मुलगा पसार, आईवडिलांनी घराबाहेर काढलेलं. पडेल ते काम करत मूल एकटीने वाढवलेलं, आणि त्याच कामांपैकी एक म्हणजे या कॅम्पवरचा स्वयंपाक. मग ते मूल बुडतं. का, तर ज्या गोष्टीपायी हिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, नेमकी तीच गोष्ट ते काउन्सेलर करत होते म्हणून.

यातलं बहुतेक काही सिनेमात सांगितलेलं नाही. पण त्या हसण्यात, त्या थंड चिडीत ते सगळं आहे. चांगला प्रीक्वेल मूळ सिनेमाच्या वेळीच तयार झाला होता, एका नटीच्या डोक्यात, गाडीच्या हप्त्यासाठी म्हणा हवं तर. 'क्रिस्टल लेक'च्या लेखकांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की त्यांनी निदान या बाईची बरोबरी करावी.

हे जमू शकतं याला दाखला आहे. 'सायको'ची प्रीक्वेल मालिका 'बेट्स मोटेल'. 'सायको'मध्ये त्या मुलाची आई, नॉर्माबाई, म्हणजे एक सुकलेलं प्रेत आणि एक आवाज. व्हेरा फार्मिगाने २०१३पासून पाच सीझन त्या प्रेताची जिवंत बाई केली: चिडकी, विनोदी, मायाळू, मुलाला गुदमरवून टाकणारी. कुठलंही रहस्य फोडलं नाही, कारण फोडायला काही नव्हतंच. २०२४च्या 'अपार्टमेंट सेव्हन ए'नेही 'रोझमेरीज बेबी'मधली टेरी उचलली, जी मूळ सिनेमात तळघरातल्या लाँड्रीत रोझमेरीशी चार वाक्यं बोलते आणि थोड्याच वेळात फुटपाथवर मरून पडलेली दिसते. तो सिनेमा मला जेमतेम आवडला, पण निवड अचूक होती. मूळ सिनेमाने जिच्याकडे धड पाहिलं नाही, तिच्याकडे जा. सैतानाकडे कशाला जाता?

मालिका येतेय यामागे कोर्टकचेरीही आहे आणि ती मला भलतीच आवडते. मूळ पटकथा व्हिक्टर मिलरची. अमेरिकेच्या कायद्यात लेखकाला पस्तीस वर्षांनंतर आपले हक्क परत मागता येतात, ते त्याने मागितले. निर्मात्यांचं म्हणणं, तो आमचा नोकर होता. २०१८मध्ये कोर्टाने सांगितलं, नव्हता, आणि २०२१मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं. मात्र मिळाली ती पहिली पटकथा. त्यात जेसन म्हणजे बुडालेला पोरगा. गोणपाट डोक्यावर घेतलेला मोठा जेसन १९८१च्या दुसऱ्या भागातला आणि हॉकी मास्क तर १९८२च्या तिसऱ्या भागातला. त्या मोठ्या जेसनचं काय, याचा निकाल लागलाच नाही. या भांडणात २००९नंतर एकही नवा सिनेमा आला नाही. ज्या पहिल्या सिनेमावर सगळ्यांनी जेसनची कातडी चढवली होती, त्याच्या मालकीच्या वादाने लोकांना पुन्हा पामेलाकडे आणून सोडलं. यात मला थोडा काव्यगत न्याय दिसतो.

२०२२च्या हॅलोवीनला मालिका जाहीर झाली तेव्हा सूत्रं 'हॅनिबल'वाल्या ब्रायन फुलरकडे होती. २०२४मध्ये तो बाहेर पडला आणि ब्रॅड केलब केन आला. तेव्हा मी मनातून नाव टाकलं होतं. मग पामेलाच्या भूमिकेत लिंडा कार्डेलिनी हे नाव आलं आणि मी परत रांगेत. २०१९च्या 'द कर्स ऑफ ला योरोना'मध्ये हीच बाई स्वतःची मुलं एका भुतापासून वाचवत होती, आणि ते भूत म्हणजे आपली मुलं नदीत बुडवणारी आई. आता तिच्याच पदरी बुडालेलं मूल. आणि तिला हसू टिकवून आतून मोडत जाणं फार चांगलं जमतं, 'डेड टू मी' बघितलंय त्यांना सांगायला नको.

चाहत्यांची घाई मला कळते. मास्क कधी, पहिला खून कितव्या मिनिटाला, जेसन खरंच बुडाला की नाही. शेवटचा प्रश्न तर चाळीस वर्षांचा आहे. तो वाचला असेल तर आईने सूड कसला घेतला, आणि मेला असेल तर दुसऱ्या भागात जंगलात फिरतो तो कोण? या गाठीवर लोकांनी काय काय सिद्धान्त मांडलेत! मालिकेने त्या गाठीला हातही लावू नये. आईच्या दृष्टीने तो बुडाला, बास. ती जे मानते तेवढंच आपल्याला दाखवा.

दुसरी भीती उलट बाजूची आहे: बाईंना इतकं बिच्चारं करून ठेवतील की काउन्सेलर मेले ते बरंच झालं असं वाटावं. तेही अठरा-वीस वर्षांची पोरं, उन्हाळ्यातल्या कामावर आलेली. पामेलाचं दुःख शंभर टक्के खरं आणि तिचा हिशेब शंभर टक्के चुकलेला, हे दोन्ही एकाच वेळी जाणवायला हवं. आणि या दोन्हींच्या मध्ये एक वाक्य आहे जे सिनेमात येऊन निसटतं, ज्यावर मला वाटतं अख्खी मालिका उभी राहू शकते: मी त्या दिवशी इथेच कामावर होते. म्हणजे तीही तिथेच होती. तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, चुलीपाशी, दुसऱ्यांच्या मुलांसाठी जेवण करत. लक्ष कुणाचं नव्हतं, हा प्रश्न तिने स्वतःला एकदाही विचारला नसेल? की तो विचारावा लागू नये म्हणूनच सुरा उचलला? याचं उत्तर कुणी संवादात देऊ नये, पण कार्डेलिनीला ते माहीत असल्याचं दिसलं पाहिजे.

एवढं दिलं तर पहिल्या सीझनमध्ये एकही खून नसला तरी माझी हरकत नाही. हॉकी मास्क दिसला तर मात्र मी तिथेच बंद करणार.