रॉबिन्सन यांची साक्ष आणि दुसऱ्या दिवशीचे मथळे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. कृष्णवर्णीय अमेरिकन बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी १९४९ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे दिलेल्या साक्षीवर लिहिताना मी वृत्तपत्रांना उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, असे आपले म्हणणे आहे. आपल्या मते रॉबिन्सन स्वतःहून समितीपुढे गेले, त्यांनी कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रोब्सन यांच्यावर टीका केली, वृत्तपत्रांनी ती छापली आणि रॉबिन्सन यांना त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. बेसबॉलमध्ये राजकारण घुसवले ते कम्युनिस्टांनी, असेही आपण लिहिता.

रॉबिन्सन यांच्यावर समन्स नव्हते, हे खरेच आहे. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष, जॉर्जियाचे जॉन वूड, यांनी त्यांना केवळ बोलावणे धाडले होते. मात्र त्यांनी जावे असा आग्रह धरणाऱ्यांत त्यांच्या डॉजर्स या बेसबॉल संघाचे प्रमुख ब्रँच रिकी होते, ज्यांनी १९४५ मध्ये त्यांना करारबद्ध करून गोऱ्यांच्या बेसबॉलचे दार उघडले होते. जुलै १९४९ मध्येही १६ प्रमुख संघांपैकी जेमतेम तीन संघांत कृष्णवर्णीय खेळाडू होते. अशा स्थितीत नकार देणे रॉबिन्सन यांना किती सोपे होते, हे आपणच ठरवावे.

आता मूळ मुद्दा. एप्रिलमध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत रोब्सन यांनी केलेल्या भाषणाची जी बातमी अमेरिकेत पोहोचली, तिच्यानुसार कृष्णवर्णीय अमेरिकन सोव्हिएत संघाविरुद्ध युद्धात उतरतील ही कल्पनाच अशक्य आहे, असे ते म्हणाले होते. ही बातमी त्यांच्या भाषणाशी नीट जुळत नव्हती. १८ जुलैला वॉशिंग्टनमध्ये रॉबिन्सन बोलले तेही जपून : रोब्सन खरोखर तसे म्हणाले असतील, तर ते आपल्याला अगदी पोरकट वाटते. कम्युनिस्टांच्या मदतीशिवाय आमचा लढा आम्ही जिंकू शकतो आणि ती मदत आम्हाला नकोच आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. इथपर्यंत आपले आणि माझे एकमत आहे.

परंतु त्याच निवेदनात, त्याच समितीसमोर, ते असेही म्हणाले की न्यायालयातील अन्याय, पोलिसांची मारहाण आणि जमावाने केलेल्या हत्या यांवर एखादा कम्युनिस्ट बोट ठेवतो, एवढ्याने ते आरोप खोटे ठरत नाहीत. सैन्यातला भेदभाव, रेल्वे आणि बसमधली वेगळी आसने, नोकऱ्या नाकारणे यांचाही त्यांनी नावानिशी उल्लेख केला. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत मात्र ठळक झाले ते रोब्सन यांना दिलेले उत्तर. छापलेले खोटे होते, असे मी म्हटलेलेच नाही. निवेदनाचा जो भाग समितीला अडचणीचा होता तो मथळ्यापर्यंत आला नाही, एवढेच माझे म्हणणे होते आणि आहे.

राजकारण कोणी आणले, या प्रश्नाचे उत्तर कालक्रमातच आहे. 'डेली वर्कर' या कम्युनिस्ट दैनिकाचे क्रीडासंपादक लेस्टर रॉडनी यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख संघांत न घेण्याच्या वर्णबंदीविरुद्ध मोहीम उघडली ती १९३६ मध्ये, तोवर संघमालकांची ती अलिखित बंदी कित्येक दशके जुनी झाली होती. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून वेंडेल स्मिथ आणि सॅम लेसी हेच मागत होते, आणि ते काही कम्युनिस्ट नव्हते. शिवाय डिसेंबर १९४३ मध्ये कृष्णवर्णीय वृत्तपत्रांच्या प्रकाशकांबरोबर संघमालकांच्या बैठकीत जाऊन ही बंदी उठवा असे सांगणाऱ्यांत स्वतः रोब्सन होते. ज्याच्याविरुद्ध रॉबिन्सन यांना उभे केले गेले, त्याने त्यांच्यासाठीच आधी शब्द टाकलेला होता. ही गोष्ट मला मथळ्यांहून अधिक बोचते.

रोब्सन यांना आपल्या मतांची किंमत मोजावी लागली : त्यांचे पारपत्र १९५० मध्ये रद्द झाले आणि १९५८ मध्ये परत मिळाले. त्याच १९५८ मध्ये त्यांच्या साठीनिमित्त भारतात जी समिती स्थापन झाली, तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला, आणि त्या समारंभावर अमेरिकी सरकार नाराज होते.

राहिला पश्चात्ताप. १९७२ च्या आत्मचरित्रात त्या निवेदनाचा आपल्याला कधी खेद वाटला नाही, असे रॉबिन्सन यांनी लिहिले आहे. आपण तेवढेच उद्धृत केलेत. त्याच ठिकाणी ते पुढे लिहितात की असे बोलावणे आता आले तर आपण ते नाकारू, आणि रोब्सन यांच्याविषयी आपल्या मनात आदर वाढला आहे, कारण आपल्या लोकांसाठी त्यांनी पैसा आणि कारकीर्द दोन्ही गमावली.