आतड्याचा प्रश्न

कोल्हापुरात 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस शोधून दाखवावा. गंगावेशीत उभं राहून मंगळावरचा पत्ता विचारला तरी दोघंजण डावीकडं हात करतील. त्यामुळं जुन्या लाकडी टेनिस रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, कशाचं आहे, हे विचारायला मी घराबाहेर पडलो तेव्हा उत्तरांचा तुटवडा पडणार नाही याची खात्री होती.

रॅकेट काकांची. डनलॉप मॅक्सप्लाय, चार कोपऱ्यांना स्क्रू असलेल्या लाकडी प्रेसमध्ये आवळलेली. माळ्यावरून उतरली आणि मी ती कौतुकानं देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली. पुण्यातल्या भाच्याला जुन्या रॅकेटी जमवायचा नाद. फोटो बघून त्यानं विचारलं, "मामा, तारा गटच्या की नायलॉनच्या?"

शेजारचे निवृत्त साहेब लगेच म्हणाले, "मांजराचं आतडं असतंय ते." मांजराचा काही संबंध नाही; गट पूर्वी मेंढीच्या आतड्यापासून करत, पुढं गुरांच्या. हे मी सविस्तर समजावून सांगितलं आणि तिथंच घात झाला, कारण आई आत भाजी निवडत होती. आमच्याकडं वजडी चवीनं खाल्ली जाते, पण रविवारी आणि ताटात. देवघराच्या खुंटीवर आतडं म्हटल्यावर चौकशी भाच्याच्या हातातून निघाली.

"आधी काय ते ठरव," आई म्हणाली. "मग खुंटीचं बघू."

फ्रेमवरून काही ठरेना. मॅक्सप्लाय १९३१ पासून कित्येक दशकं निघत होती. नायलॉन जाहीर झालं १९३८ साली, म्हणजे त्याआधीची मूळ तार गटची किंवा रेशमाची धरायची. पण खेळणारा माणूस तारा तुटल्या की नव्या घालतो; फ्रेम आजोबांच्या वयाची आणि गटिंग नातवाच्या, असं सर्रास असतं. रंगावरही भरवसा नाही. जुनं गट मधासारखं पिवळसर आणि अर्धपारदर्शक दिसतं खरं, पण नायलॉनही म्हातारपणी पिवळं पडतं. एका दुकानदारानं तर तार नखानं टणत्कारून, डोळे मिटून "ओरिजनल" असा निकाल दिला. कसली ओरिजनल, ते नाही सांगितलं.

पाण्याचा उपाय होता. गट ओल पितं, फुगतं, त्याचा पीळ सुटतो. पण आपल्या पावसाळ्यातून ज्या तारा वाचल्या त्यांना मी वाटीत बुडवून मारायचं, हे पटेना. मग गाठीपुढं उरलेलं शेपूट नेलकटरनं कापलं आणि गॅसवर धरलं. नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो. गट जळतं आणि केस जळाल्यासारखा वास सुटतो. आई आतून ओरडली, "सलूनला आग लागली काय रे?"

म्हणजे नायलॉन नाही. पण रेशीमही जळताना असाच वास मारतं! किड्याचं असलं तरी प्राण्याचंच ते.

शेवटी चप्पल लाईनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेलो. त्यानं सल्ला दिला नाही, हे पहिलं आश्चर्य. दुसरं शेपूट त्यानं अंगठ्याच्या नखानं उलट्या बाजूला पिळलं. सुटले ते चपट्या, सुकल्या फितींचे तुकडे. रेशीम असतं तर बारीक तंतूंचा झुबका निघाला असता. "हे कातडं न्हवं, आतडं हाय," तो म्हणाला, आणि रॅकेट फिरवून गाठी मोजायला लागला. दोन किंवा चार गाठी असतात, इथं जास्तच होत्या. मग त्यानं एका आडव्या तारेच्या टोकाला काडी लावली. मणी! काकांची काटकसर घरात प्रसिद्ध होती. आडव्या तारा तुटल्यावर त्यांनी स्वस्तातलं नायलॉन भरून घेतलेलं दिसत होतं. उभ्या तारा मांसाहारी, आडव्या शाकाहारी.

भाच्याला फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, त्या आडव्या कापून टाक," तो कळवळून म्हणाला. "गट तेवढं राहू दे."

"उभ्या काप," स्वयंपाकघरातून आवाज आला. "नायलॉन राहू दे."