ते २१ दिवस फळीवर झोपायचं तेवढं सोडा

आमच्या घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. कंबर दुखते, पायाला मुंग्या येतात म्हणजे नस दबली, २१ दिवस फळीवर पडून राहा, नस बसवणाऱ्याला गाठा आणि आधी एमआरआय काढा. पाठवणारे काका मनाने चांगलेच आहेत, पण मी स्वतः यातून गेलोय म्हणून राहवत नाही.

पहिलं, नस दबलीय हे बऱ्याचदा खरं असतं. मणक्यांमधली गादी सरकून नसेला टेकते आणि कळ कुल्ह्यातून पोटरीपर्यंत उतरते, अंगठ्याकडे बधिर वाटलं तर एक नस, करंगळीकडे वाटलं तर दुसरी. पण दोन्ही तळवे मोजे घातल्यासारखे बधिर असतील तर आधी शुगर आणि बी-१२ तपासा, तिथे कमरेचा संबंध नसूही शकतो.

आता फळी. मी चार दिवस पडून राहिलो आणि पाचव्या दिवशी उठताना बाथरूमपर्यंत भिंत धरून गेलो, कारण पडून पडून कंबर अजूनच आखडते. एखाद-दोन दिवस आराम ठीक, मग झेपेल तेवढं हळूहळू चालायचं, मी तलावपाळीला आधी अर्धा फेरा आणि बाकावर बसकण असं सुरू केलं. सरकलेल्या गादीचा त्रास बहुतेकांचा दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय बराच कमी होतो, फक्त तेवढा धीर कोणाला नसतो. आणि फळीच कशाला, झोपायला मध्यम कडक गादी पुरते.

एमआरआयचं म्हणाल तर काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या पोरांच्या स्कॅनमध्येसुद्धा साधारण ३० टक्क्यांना गादी फुगलेली दिसते, ऐंशीच्या घरात ८४ टक्के. म्हणजे रिपोर्टात ‘बल्ज’ वाचून घाबरायचं कारण नाही, डॉक्टर तपासून सांगतील तेव्हा काढा.

नस बसवणं? नस काय जागेवरून निसटलेली चेन आहे का? पाय बधिर असताना कमरेला झटका देणाऱ्याच्या हाती मान-पाठ देऊ नका, बास.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये जे हवं होतं तेच नाही. सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पायांतली ताकद चालली, तर मणक्याच्या खालचा नसांचा सगळा झुपकाच दबलेला असू शकतो. तिथे तास मोजायचे असतात, उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा राहू शकतो. पाऊल उचलता येत नाही, चप्पल पायातून निसटतेय, टाचांवर चालता येत नाही, हेही दुसऱ्या दिवशीच दाखवा. आणि त्याआधी सांगितलेल्या झुपका दबल्याच्या लक्षणांपैकी काही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत नाहीतर घोडबंदरला ट्रॅफिक तुंबलेलं असो, फळीवरून उठा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.