पट्टा आवळून मास्कमधलं पाणी थांबत नाही!

स्नॉर्कलिंग आणि कडा चढण्याच्या सहलीत परवा पुन्हा तेच. होडीत एक टोपलं, त्यात एकमेकांत गुंतलेले मास्क, आणि आयोजकांचा माणूस हाताला लागेल तो मास्क समोरच्याच्या हातात कोंबतोय. मापाचं नावच नाही. पाण्यात उतरल्या उतरल्या एका बाईंचा मास्क भरला, त्या ठसकत वर आल्या, तर होडीतून ओरडा : "पट्टा आवळा!" आवळला. पाणी आणखी शिरलं. "अजून आवळा!"

अरे, पट्टा फक्त मास्क जागेवर धरतो! पाणी अडवते ती सिलिकॉनची कड. पट्टा करकचून ओढला की ती कड मुडपते आणि मुडपली तिथूनच पाणी आत येतं. माप बघायची रीत किती सोपी आहे : पट्टा न चढवता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. पडला तर दुसरा घ्या. कडेखाली केसांची एक बट अडकली तरी गळतो, मिशी असेल तर हमखास गळतो. तिथे सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवावं लागतं. पट्टा कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर बसतो, मानेवर नाही. एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण नाही, माणूस घाबरला की त्याला "तुम्हाला जमत नाही" म्हणून मोकळे!

आणि तो पूर्ण चेहऱ्याचा मास्क तर दाखवूच नका. त्यातल्या बऱ्याच मास्कमध्ये नाक चिमटता येत नाही, म्हणजे जरा खाली गेलं की कानांतला दाब सोडवायचा कसा? झडप नीट चालली नाही तर सोडलेलीच हवा पुन्हा छातीत, आणि घाबरल्यावर तो पटकन उपटून काढणंही सोपं नाही.

निघायची वेळ मात्र रोज नऊ. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे कोणाच्या गावीच नाही! सहा तासांच्या ओहोटीत जवळजवळ निम्मं पाणी मधल्या दोन तासांत उतरतं, भूशिराच्या टोकाला ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेव्हाच लोकांना खडकांजवळ सोडतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणातसुद्धा.

मग दोन तास भिजलेली बोटं घेऊन थेट कड्यावर. कातडी मऊ पडलेली, पहिल्याच धारदार पकडीवर सोलते. आधी कडा, मग पाणी, हा क्रम ठेवा ना! भरतीने कड्याचा पायथा बुडत असेल तर तेवढं वेळापत्रक हलवा. दोर होडीच्या तळाशी खाऱ्या पाण्यात पडलेला. ओल्या नायलॉनची ताकद घटते, आणि वाळल्यावर मिठाचे कण आतून धागे कातरत राहतात. कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या दाराच्या धातूच्या कडीवर, पांढरी भुकटी चढलेली, दार अर्ध्यात अडकतंय. दार बंद असताना किमान 20 किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन वजनाइतका ताण, पेलायचं असतं, उघडं राहिलं तर मानकात किमान 7 च धरलेत. गोड्या पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं. बस्स, एवढंच काम आहे.

दोर अडकवायला कड्यात बसवलेल्या बोल्टांबद्दल विचारलं की "बोल्ट स्टेनलेसचे आहेत" हे उत्तर तर ऐकवत नाही. समुद्रकाठच्या उष्ण कड्यांवर स्टेनलेसला क्षारांमुळे तडे जातात, वरून चकचकीत दिसत असतानाही. थायलंडमध्ये रायले-टोनसायच्या कड्यांवर टायटॅनियमचे बोल्ट रासायनिक गोंदाने चिकटवून बसवावे लागले ते याच कारणाने. तुमचे बोल्ट कधी ठोकले, कशाचे आहेत, शेवटचे कोणी तपासले, हे विचारलं की तोंड फिरवता?

आणि कड्याखालचा तो स्पीकर आधी बंद करा. वरून कोणी "दोर घट्ट!" ओरडलं तर लाटांच्या आवाजातच ते खाली दोर सांभाळणाऱ्या बिलेवाल्यापर्यंत धड पोचत नाही, त्यात तुमची गाणी!