साथ आली की गुरुजींनी मत कसं बाळगावं

गुरुजी, पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही. पण ती आली की शाळेला कुलूप लागणार, आणि कुलूप लागलं की कोणीतरी तुम्हाला विचारणार, ‘शाळा उघडाव्यात, की ऑनलाइनच बरं?’ खरं उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. ‘उघडा’ म्हणालात तर पोरांच्या जिवावर उठलात. ‘बंद ठेवा’ म्हणालात तर फुकटचा पगार खाता. मत हवंच असेल तर परिपत्रकासारखं ठेवा: सकाळी काढायचं, संध्याकाळी ‘सुधारित’ म्हणून पुन्हा काढायचं.

मागच्या खेपेला, कोरोनात, महाराष्ट्रातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. स्थानिक प्रशासन हो म्हणेल तिथे नववी ते बारावी २३ नोव्हेंबरला उघडली, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून, मग पुन्हा बंद, मग ४ ऑक्टोबरला पुन्हा घंटा. चिमुरडी डिसेंबरात आली आणि जानेवारीत ओमायक्रॉनने परत घरी गेली. २०२० साली पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गाचा उंबरा न ओलांडता दुसरीत पोचलं. एवढ्या वळणांत एकच मत धरून बसणाऱ्याची मान लचकली असती.

ऑनलाइनच्या बाजूचे व्हायचं ठरवलंत, तर काम सोपं आहे. दीक्षा या सरकारी अभ्यास-ॲपची लिंक केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवरून उचलायची, वर्गाच्या ग्रुपवर टाकायची. खाली पालकांचा अंगठा आला की धडा झाला. ज्या बापाचा फोन त्याच्याबरोबर उसाच्या फडात गेलाय, त्याचा अंगठा रात्री येतो, तोही धरायचा. (ज्या खात्याने अंगठा पुसायला साक्षरता मोहिमा काढल्या, तेच अंगठ्यांवर शिक्षण मोजू लागलं. असो.) ज्याच्या घरी फोनच नाही, त्याचा प्रश्न येत नाही, कारण तो ग्रुपवर नाही.

प्रत्यक्ष शाळेच्या बाजूचे असाल, तर जरा अवघड आहे. तुम्ही शाळेत यायचं, पोरांनी नाही. रिकाम्या बाकांसमोर बसून मोबाइलला रेंज शोधायची आणि मस्टरवर सही करायची. त्यातून वेळ उरला तर ड्युट्या होत्याच. चेकपोस्टवर गाड्या अडवा, रेशन दुकानापुढची रांग सरळ करा, विलगीकरण कक्षात पाहुण्यांची नोंद घ्या, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरा. तीस पोरांपुढे उभं राहणं ज्यांना धोक्याचं, त्याच गुरुजींना तीनशे घरांच्या उंबऱ्यावर पाठवण्यात धोका नव्हता. त्यावर मात्र तुमचं मत कोणी विचारलं नाही, आणि न विचारता देऊही नये. ड्युटीच्या यादीत नाव वर सरकतं.

स्वतःच्या मुलांपुरतं मत वेगळं ठेवायला हरकत नाही. शाळेच्या ग्रुपवर ‘ऑनलाइन शिक्षण काळाची गरज’ असं लिहावं आणि त्याच संध्याकाळी आपलं कार्टं इंग्रजी शाळेच्या तासाला कॅमेरा बंद करून झोपतं म्हणून त्याच्या टीचरवर उखडावं. इतक्या जणांनी हे केलंय की लाजायचं कारण नाही.

सगळ्यांत धोक्याचे ते तिसऱ्या मताचे. शाळा बंद असेल तर आपण वस्तीवर जाऊ, म्हणणारे. कोणी ओट्यावर चार-चार पोरं बसवली, कोणी देवळाच्या सभामंडपात फळा टेकवला, सोलापूरच्या नीलमनगरात तर घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. या फंदात पडू नका. उद्या गावात कोणी शिंकलं तर बोट तुमच्याकडे, आणि अहवालात ‘लिंक पाठवली काय?’ असा रकाना असतो. ‘पोर वाचायला लागलं काय?’ असा नसतो.

निकालाची काळजी तर अजिबात नको. २०२१ ची दहावी परीक्षा न होता ९९.९५ टक्के लागली. खालच्या वर्गांचं जे बुडालं, त्यासाठी १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तोही शाळा बंद असताना. त्यातल्या चाचण्यांचे गुण भरायला पोर सापडलं नाही तर अडून राहू नका. ते आईबरोबर भात लावणीला गेलं असेल. बांधावरून त्याला हाक तर मुळीच मारू नका. आलं, आणि तुम्ही त्याला पुस्तक वाचायला सांगितलंत, तर भरलेले गुण खोडावे लागतील.