गोळ्या बंद करायला सांगणारा ‘शासनमान्य’ संमोहनतज्ज्ञ: एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातल्या भिशीच्या, तालमींच्या आणि अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्यातले दावे असे: केंद्र सरकारने 2003 मध्ये संमोहन उपचाराला मान्यता दिल्यामुळे प्रमाणपत्रधारक संमोहनतज्ज्ञ डॉक्टरच्या बरोबरीचा आहे; संदेश लिहिणाऱ्या संमोहनतज्ज्ञाकडे शासकीय नोंदणी आणि लंडनच्या बोर्डाचे प्रमाणपत्र आहे; नैराश्य, फिट्स, व्यसन यांवर तीन बैठकांत हमखास गुण येतो; आणि पहिल्या बैठकीआधी मेंदूच्या सगळ्या गोळ्या बंद कराव्यात, कारण गोळ्या चालू असताना संमोहन लागत नाही. हा संदेश माझ्या आत्यापर्यंत पोहोचला. तिच्या मुलाला लहानपणापासून फिट्सचा त्रास आहे आणि नियमित गोळ्यांमुळेच तो आज व्यवस्थित नोकरी करतो. आत्याने फोनवर विचारले, “चार दिस गोळ्या थांबवल्या तर चालतंय न्हवं रे?” त्यामुळे हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक दावा शेवटचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. फिट्सच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर एकामागून एक झटके येऊ शकतात, मधल्या वेळात रुग्ण शुद्धीवर येत नाही आणि तातडीने उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. चिंतेवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या एकदम सोडल्या, तर ज्याला पूर्वी कधीच झटका आला नव्हता त्यालाही तो येऊ शकतो. अशी औषधे कमी करायची असतील तर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते आणि तो निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरचा असतो. गोळ्या चालू असताना संमोहन लागत नाही, या म्हणण्यालाही आधार नाही, कारण संमोहनात माणूस जागाच असतो, त्याचे लक्ष एका ठिकाणी खिळवून त्याला सूचना दिल्या जातात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 106 नुसार तर नोंदणीकृत व्यावसायिकालाही आपल्या क्षेत्राबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवता येत नाहीत. मग ज्याची कुठल्याच परिषदेकडे नोंद नाही, त्याने दुसऱ्याच्या औषधांना हात लावणे मला अक्षम्य वाटते.

आता 2003 च्या मान्यतेविषयी. यात अर्धे सत्य आहे, ते मान्य केलेच पाहिजे. पर्यायी उपचारपद्धती तपासण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती, आणि तिच्या शिफारशींवर आधारित आदेश केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 25 नोव्हेंबर 2003 रोजी काढला. ॲक्युपंक्चर आणि संमोहन या उपचाराच्या रीती असून नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांना त्या वापरू द्याव्यात, असे त्यात आहे. ‘योग्य प्रशिक्षण’ हे शब्द सैल आहेत आणि त्याच फटीतून हा बाजार उभा राहिला आहे. परंतु त्याच आदेशात पुढे राज्यांना बजावले आहे की, मान्यतेची शिफारस नसलेल्या पद्धतींत कोणत्याही संस्थेने पदवी वा पदविका देऊ नये आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या व्यावसायिकांनीच लावावी. संदेश लिहिणाऱ्याने आदेशाचा हवा तेवढा तुकडा उचलला आणि स्वतःच्या नावामागे ‘डॉ.’ मात्र लावले.

संदेशासोबत सोनेरी शिक्क्याचे एक प्रमाणपत्र जोडले आहे. तो फोटो मोठा करून पाहिल्यावर खालच्या कोपऱ्यातला ‘शासकीय नोंदणी क्रमांक’ ‘उद्यम-एमएच’ या अक्षरांनी सुरू होताना दिसतो. ही लघुउद्योगांची नोंदणी आहे. ती स्वतःच्याच घोषणेवर ऑनलाइन आणि मोफत मिळते. महाद्वार रोडवरच्या चप्पल दुकानदाराकडेही ती असते आणि उपचार करण्याच्या पात्रतेशी तिचा काहीही संबंध नाही. शॉप ॲक्टची नोंद आणि आयएसओचे प्रमाणपत्र यांचेही तेच. लंडनच्या नावाने दबून जाऊ नये, कारण संमोहनतज्ज्ञ या पदनामाला ब्रिटनमध्येही कायद्याचे संरक्षण नाही आणि तिथल्या नोंदवह्या ऐच्छिक आहेत.

हमखास गुणाची हमी कोणताही प्रामाणिक उपचारक देत नाही. संमोहन निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आयबीएस या आतड्याच्या तक्रारीत 12 महिने औषधांनी गुण आला नाही, तर संमोहनाचा विचार करता येतो. पण तीन बैठकांत फिट्स बऱ्या होणे ही वेगळीच गोष्ट झाली.

भारतात संमोहनतज्ज्ञांची स्वतंत्र वैधानिक नोंदवही नाही. म्हणून त्या माणसाचा मूळ व्यवसाय पाहावा लागतो. तो मनोविकारतज्ज्ञ असेल तर त्याचा वैद्यकीय परिषदेचा क्रमांक विचारावा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक विचारावा आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. या परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार या नोंदीशिवाय त्या नावाने व्यवसाय करणे गुन्हा आहे. त्यानंतर संमोहनाचे शिक्षण कुठे घेतले, आपल्या तक्रारीवर पूर्वी काम केले आहे का आणि आपल्या सध्याच्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी आहे का, हे विचारावे. आत्याच्या मुलाच्या गोळ्या चालूच आहेत आणि संमोहनाचा विषय तो पुढच्या तपासणीत आपल्या डॉक्टरांसमोरच काढणार आहे. ज्यांना मनाच्या तक्रारीसाठी कोणाला विचारावे हेच कळत नाही, त्यांना सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात दाखवता येते, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते.