"घरपट्टी भरू नका" म्हणे! आत्याच्या फोनवर आलेल्या मेसेजला उत्तर

रविवारी बदलापूरला आत्याकडे गेले होते. घरपट्टीचं बिल तिने देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये घडी करून ठेवलेलं, न भरता. विचारलं तर म्हणे, "अगं आता नसते भरायची, मेसेज आलाय." आत्या एकाहत्तर वर्षांची, आयुष्यात लाइट बिलसुद्धा कधी उशिरा भरलेलं नाही तिने, आणि कोणाच्या तरी फॉरवर्डवर विश्वास ठेवून ती थकबाकीदार व्हायला निघाली होती. तिथेच डोकं फिरलं. सोमवारी तोच मेसेज आमच्या अंबरनाथच्या सोसायटीच्या ग्रुपवर, खाली अठ्ठावीस अंगठे. म्हणून बसून लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जीएसटी आल्यापासून नगरपालिकेला टॅक्स घ्यायचा अधिकारच नाही, 500 चौरस फुटांपर्यंतची घरं महाराष्ट्रभर माफ आहेत, पाणी नगरपालिका देत नाही मग घरपट्टी कसली, आणि आपण कल्याण महापालिकेतून फुटलो म्हणून लुटले जातोय. शेवटी "कोणीही घरपट्टी भरू नका, काही होत नाही".

या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण नुकसान तिच्यात आहे. काही होत नाही हे साफ खोटं. आपल्या नगरपरिषदा (म्हणजे आपण म्हणतो त्या नगरपालिकाच) चालतात 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियमावर, आणि त्यातल्या कलम 150अ प्रमाणे मुदत उलटली की थकबाकीवर दर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो. वर्षाला नाही, महिन्याला! चार हजार थकले तर महिन्याला ऐंशी, वर्षाला नऊशे साठ, तीन वर्षं गप्प बसलात तर मूळ चार हजारांवर जवळजवळ तीन हजार नुसती शास्ती, पुढच्या वर्षांची बिलं वेगळीच. जप्तीची तरतूदही त्याच कायद्यात आहे. उद्या घर विकायचं म्हटलं किंवा मुलाच्या नावावर करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो टॅक्सची पावती कुठे. तेव्हा तो मेसेज लिहिणारा येणार आहे का आत्याबरोबर काउंटरवर उभा राहायला?

हां, यातली अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करते. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नगरपरिषदा-नगरपंचायतींसाठी अभय योजनेचा निर्णय घेतला, या शास्तीत सूट देता यावी म्हणून. पण सूट शास्तीला, मूळ घरपट्टीला नाही. मूळ कर भरायचा म्हणजे भरायचाच. "शास्ती माफ"चं "घरपट्टी माफ" कुठल्या ग्रुपवर झालं देव जाणे.

आता जीएसटी. जीएसटीत महापालिकांची जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, म्हणजे माल शहरात आणण्यावरचे कर गेले. घर आणि जमिनीवरचा कर जीएसटीत कधी आलाच नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली 49 वी नोंद बघा, "जमिनी व इमारतींवरील कर", ती 2017 नंतरही जिथल्या तिथे आहे. आणि त्याच 1965 च्या कायद्याचं कलम 105 सांगतं की मालमत्तेवरचा एकत्रित कर नगरपरिषदेने बसवलाच पाहिजे. म्हणजे टॅक्स घ्यायचा अधिकार नाही हे तर सोडाच, न घ्यायची मोकळीकच तिला नाहीये. आणखी एक, नगरपरिषदांची जकात जीएसटीने गेलीच नाही, ती 1999 मध्येच गेली, जीएसटीच्या अठरा वर्षं आधी! तेव्हापासून त्या बदल्यात सरकारकडून सहायक अनुदान येतं. महापालिकांची जकात आणि नगरपालिकांची जकात यातला फरक ज्याला माहीत नाही तो आपल्याला कायदा शिकवतोय.

500 चौरस फूट. ही माफी आहे, पण बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत, 1 जानेवारी 2022 पासून. मुंबईचा कायदा 1888 चा, बाकी महापालिकांचा 1949 चा, आपला 1965 चा. मुंबईच्या कायद्यात केलेली दुरुस्ती बदलापूरच्या बिलाला लागत नाही, कितीही वेळा फॉरवर्ड केली तरी. मिळायला हवी का? हवी, मलाही वाटतं, 400 फुटांच्या घरात राहणारी माणसं इथेही आहेतच. पण ती मागावी लागेल, मिळालीय असं धरून चालणार नाही.

पाण्याचा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, म्हणून तो जास्त फसवतो. खरंय, अंबरनाथ-बदलापूरला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, नगरपरिषद नाही. पण त्याचं बिलही वेगळं येतं ना! घरपट्टी म्हणजे पाणीपट्टी नव्हे. आत्याला विचारलं, घंटागाडी कोणाची? जिन्यासमोरच्या रस्त्यावरचा दिवा कोणाचा? काकांच्या वेळी अग्निशमनची गाडी नाही लागली पण स्मशानभूमी लागली, ती कोण सांभाळतं? मृत्यूचा दाखला कुठून आणला? थोडा वेळ गप्प बसली मग म्हणाली, "नगरपालिकेतूनच." कलम 49 मध्ये ही सगळी कामं कर्तव्य म्हणून लिहिलेली आहेत. ती नीट होत नसतील तर भांडा, पण बिल भरलेलं असलं तर भांडायला तोंड राहतं.

मग चष्मा लावून आम्ही बिल ओळ न् ओळ वाचलं. "शिक्षण कर" लिहिलंय तिथे आत्या थांबली, माझी मुलं कधीच शिकून गेली म्हणाली. हा कर 1962 च्या कायद्याने येतो आणि नगरपरिषद तो फक्त गोळा करून राज्य सरकारला देते. म्हणजे "आपले पैसे वर जातात" या तक्रारीत एवढा एक रकाना खरा निघाला.

राहिलं कल्याण. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात होते, 1992 मध्ये बाहेर आले, इथपर्यंत बरोबर.  पण महापालिकेत गेल्यावर टॅक्स कमी होतो म्हणणाऱ्याने डोंबिवलीजवळच्या 27 गावांत जाऊन विचारावं. ती 1983 ला आत, 2002 ला बाहेर, 2015 ला परत आत, आणि परत आत घेतल्यावर तिथल्या लोकांची सगळ्यात मोठी ओरड वाढलेल्या मालमत्ता कराचीच होती.

घरपट्टी जास्त लागलीय असं खरंच वाटत असेल तर रस्ता आहे. दर चार वर्षांनी नवी कर आकारणी होते, यादी लागते, हरकतींसाठी मुदत असते, सुनावणी होते. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार हे तीन रकाने तपासा आणि लेखी हरकत द्या, पोच घ्या.

मंगळवारी आत्याबरोबर जाऊन भरून आले. पावती तिने त्याच ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि ज्या भिशीच्या ग्रुपवरून तो मेसेज आला होता तिथे पावतीचा फोटो टाकायला लावला.